नोकरी सोडण्याआधी रियाझाचे तास मोजा

वाचकाचे पत्र: मी चोवीस वर्षांची असून लहानपणापासून हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन शिकते आहे. विशारद झाले आहे. सध्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि रात्री जेवणानंतर दीड तास रियाझ करते. गुरुजी म्हणतात, नोकरी सोडल्याशिवाय वाद्य हाती लागणार नाही. वडील म्हणतात, नोकरी सांभाळून हौस म्हणून वाजव. अलीकडे दोन गायकांनी मला साथीला बोलावले, पण साथीला बसलीस की साथीदाराचा शिक्का बसतो आणि मग एकल वादनाला कोणी विचारत नाही, असे गुरुजींचे मत आहे. मी नोकरी सोडावी का? साथ करावी का? वाद्यही बदलावेसे वाटते. (काही महिन्यांपासून रियाझानंतर डाव्या मनगटात कळ येते. गुरुजींना अजून सांगितलेले नाही.)

उत्तर:

सस्नेह नमस्कार.

तुम्ही कंसात, जाता जाता लिहिलेल्या ओळीपासून मी सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे निर्णय त्या मनगटावर अवलंबून आहेत. ही गोष्ट गुरुजींना या आठवड्यातच सांगा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. व्हायोलिनवादकांमध्ये मान, खांदा आणि मनगट यांची दुखणी नेहमी आढळतात. त्यामागे एखादा अपघात क्वचितच असतो. एकाच प्रकारची हालचाल पुरेशा विश्रांतीशिवाय होत राहते आणि तिचा ताण साचत जातो. तुमच्या बाबतीत तर दिवसभर कीबोर्डवर चालणारी बोटेच रात्री पुन्हा तारेवर चालतात. डॉक्टरांना केवळ 'मनगट दुखते' एवढे सांगून भागणार नाही. वाद्य सोबत न्या, जमिनीवर मांडी घालून वाजवून दाखवा आणि दिवसभरात कीबोर्डवर किती तास जातात व वाद्यावर किती, हेही सांगा. कळ सहन करून वाजवत राहणे म्हणजे साधना, अशी एक समजूत आपल्याकडे फार काळ जपली गेली आहे. तिच्यापायी चांगले हात कायमचे अधू होऊ शकतात, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक गोष्ट आरशासमोर बसून तपासा. आपल्या बैठकीत व्हायोलिनचे वरचे टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकलेले असते आणि वाद्याचा दुसरा भाग डाव्या खांद्याखाली छातीशी असतो. ही दोन टोके नीट टेकलेली असतील, तर वाद्याचे वजन डाव्या हातावर मुळीच येत नाही. तसे बसा आणि डावा हात वाद्यावरून पूर्णपणे उचला. वाद्य जागेवर राहिले तर बैठक बरोबर आहे. ते घसरू लागले, तर इतके दिवस तुमचा अंगठा आणि तळहात वाद्य धरून ठेवण्याचे काम करत होते आणि त्याच अवस्थेत बोटे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे) काढण्याची धडपड करत होती. असा हात दुखणारच, आणि मींडही मोकळी येत नाही. गांधारावरून पंचमाकडे जाताना बोट मध्येच अडखळल्यासारखे ऐकू येते ते पुष्कळदा यामुळेच. मनगटातली कळ आणि अडखळणारी मींड यांचे कारण एकच निघाले, तर बैठक सुधारून दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी सुधारतील. उपचार चालू असेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करून वाजवा, सुरुवात द्रुत तानांनी करू नका, आणि डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली तर ती घ्या. त्या काळात गा. गायकी अंगाने, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखे, वाजवणाऱ्याला बंदिश गळ्यातून म्हणता आलीच पाहिजे, आणि गाताना जिथे श्वास तुटतो तिथे गज (तारांवर ओढायची केस ताणलेली काठी) कसा घ्यावा हे आपोआप कळू लागते.

आता नोकरीविषयी. गुरुजींचे म्हणणे आणि वडिलांचे म्हणणे परस्परविरोधी वाटते, पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: नोकरी एका बाजूला आणि व्हायोलिन दुसऱ्या बाजूला. आपल्या वाद्याचा इतिहास पाहिला तर ही विभागणी टिकत नाही. एन. राजम् यांचे सुरुवातीचे शिक्षण कर्नाटक पद्धतीचे होते. पुढे पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकून त्यांनी व्हायोलिनवर गायकी अंग उभे केले, आणि हे करताना सुमारे चार दशके त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केले, प्रशासकीय पदेही सांभाळली. पंडित व्ही. जी. जोग यांनी आकाशवाणीत नोकरी केली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्याबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या आजही ऐकल्या जातात. गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मोठे असलेले पंडित गजाननराव जोशी हेही आकाशवाणीशी संबंधित होते. म्हणजे पगार घेतल्याने वाद्य हातातून निसटते, असे म्हणता येणार नाही. मात्र या तिघांचीही नोकरी संगीताच्या आवारातली होती. विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करताना, कोणाचे ध्वनिमुद्रण ऐकताना, दुसऱ्या कलावंताची तालीम पाहताना त्यांचा कान दिवसभर कामात होता. तुमच्या नोकरीत दिवसाचे सर्वांत ताजे तास संगीताबाहेर खर्च होतात आणि वाद्याच्या वाट्याला उरलेसुरले तास येतात. तुमची खरी अडचण ही आहे, आणि केवळ राजीनामा दिल्याने ती सुटेलच असे नाही. नोकरी सोडून दिवसभर शिकवण्यांमध्ये अडकलेले आणि त्यामुळे रियाझ सुटलेले वादक मी बरेच पाहिले आहेत.

रात्रीच्या रियाझाबद्दल मला विशेष काळजी वाटते. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत. बोट केसभर इकडे पडले की कोमल ऋषभ त्या रागाचा राहत नाही, आणि ते बोट योग्य जागी पडले की नाही हे ठरवणारा एकच न्यायाधीश आहे, तो म्हणजे तुमचा कान. दिवसभर बैठका आणि हेडफोन सोसलेला कान रात्री साडेदहाला उदार होतो. जरा उतरलेला स्वर त्याला चालतो. बोटाला मात्र उदारपणा कळत नाही. त्याला जी जागा वारंवार दाखवाल तीच ते पाठ करते. अशा रीतीने थकलेल्या अवस्थेतला नियमित रियाझ बेसूरपणाच पक्का करू शकतो. म्हणून तुम्हाला माझी पहिली सूचना ही आहे की, नोकरी आहे तशी ठेवून रियाझ पहाटे न्या. रात्री लवकर झोपा आणि ऑफिसला निघण्यापूर्वीचे दोन तास वाद्याला द्या. त्यातला पहिला अर्धा तास फक्त लांब गजाचा असू द्या: षड्जावर एक गज संथपणे शेवटपर्यंत न्यायचा, परतवायचा, आणि परतताना सांधा ऐकू येत नाही ना याकडे लक्ष द्यायचे. शेजाऱ्यांची अडचण असेल तर घोडीवर (तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीवर) बसवायचा, आवाज दाबणारा रबरी म्यूट मिळतो, पण तो रोज लावू नका. म्यूट लावल्यावर आवाज यावा म्हणून गजावर नकळत जोर दिला जातो आणि तो काढल्यानंतरही तोच जोर हातात राहतो.

असे सहा महिने करून पाहिल्यानंतर तुम्हाला स्वतःविषयी बरेच काही कळलेले असेल. पहाटेचा रियाझ टिकला आणि तो अपुरा वाटू लागला, तर कंपनीत अर्धवेळ काम किंवा कमी तासांची भूमिका मागता येईल का, हे पाहा. त्यापुढचा टप्पा म्हणजे संगीताच्या आवारातली उपजीविका. त्यासाठी कागदपत्रांची तयारी आजपासून करता येते. विशारद तुम्ही झालाच आहात. आता संगीतात एम. ए. करा. विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील अध्यापनासाठी 'नेट' परीक्षेत संगीत हा विषय आहे. आकाशवाणीची ऑडिशन द्या. तेथे कलावंतांना बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी मिळतात, आणि अनेक आयोजक व संस्था आजही ही श्रेणी विचारतात. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. तिच्यात दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात. एवढ्यावर घर चालणार नाही, परंतु तुमचे वय पाहता अर्ज करण्याची संधी जवळजवळ संपत आली आहे, त्यामुळे तो यंदाच करा. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर मात्र फार विसंबू नका. एके काळी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिनवादकांचे मोठे ताफे बसत आणि त्यावर अनेक घरे चालत. सिंथेसायझर आणि संगणकावरचे ध्वनी आल्यापासून ते काम फार आटले आहे. मिळाले तर जरूर करा, पण त्यावर महिन्याचा हिशेब मांडू नका.

वडिलांशी बोलताना हा सगळा आराखडा कागदावर मांडून बोला. मैफलींचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यात असतो, पावसाळ्यात बोलावणी कमी होतात, आणि मानधन वेळेवर येईलच याची खात्री नसते. म्हणून निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला पडल्याखेरीज राजीनामा देऊ नये, या बाबतीत मी वडिलांच्या बाजूने आहे. 'हौस म्हणून वाजव' या शब्दांच्या बाजूने मात्र मी नाही. इतकी वर्षे एका गुरूकडे शिकलेल्या मुलीच्या विद्येला हौस म्हणणे योग्य नाही, आणि हे तुम्ही त्यांना आदराने पण स्पष्टपणे सांगायला हवे.

तुमचा साथीचा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि इथे मी तुमच्या गुरुजींशी सहमत नाही. हे युरोपातून आलेले वाद्य आपल्या देशात रुजले तेच मुळी साथीतून. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालुस्वामी दीक्षितर यांनी ते कर्नाटक संगीतात आणले आणि पुढे त्याच्यावाचून गायनाची मैफल अपुरी वाटू लागली. आपल्याकडेही पंडित डी. के. दातार यांनी तरुणपणी गायक पंडित डी. व्ही. पलुस्कर यांना साथ केली, आणि नंतर एकल वादक म्हणून त्यांचे जे गायकी अंग रसिकांना भावले त्याच्यामागे ती वर्षे होती. सुगम संगीतात प्रभाकर जोग यांनी सुधीर फडके यांच्याबरोबर दीर्घकाळ काम केले, आणि पुढे त्यांच्या एकल कार्यक्रमांत श्रोत्यांना तारेतून गाण्याचे शब्द ऐकू येत. साथीने या कलावंतांचे एकल वादन खुंटले नाही, उलट त्यांचा कान तिथेच तयार झाला.

साथीत नेमके काय शिकायला मिळते, ते थोडे तपशिलात सांगते. विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात गायिका गांधारावर थांबते. तुम्ही तिच्या किंचित मागे, हलक्या गजाने त्याच गांधारावर पोहोचता. ती पुढे पंचमाला जाणार की मध्यमाला स्पर्श करून परतणार, हे तुम्हाला ठाऊक नसते. तुमचा गज अशा ठिकाणी हवा की दोन्हीकडे जाता येईल. तिने श्वास घेतला की तेवढ्या अवकाशात तिचेच वाक्य थोडक्यात परत म्हणायचे, त्यात आपली नवी जागा घुसवायची नाही, आणि तिने अजून न लावलेला तार षड्ज आपण आधी दाखवायचा नाही. ही शिस्त एकट्याने रियाझ करून येत नाही. शिवाय पट्टीचा, म्हणजे हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीला षड्ज मानून गायचे याचा, प्रश्न आहेच. पुरुष गायक साधारणपणे काळी एक, काळी दोनच्या आसपास गातात आणि गायिका काळी चार, काळी पाचच्या आसपास. एवढ्या फरकाला त्याच तारा सारख्याच बोलत नाहीत, त्यामुळे तारा कोणत्या लावायच्या आणि वाद्य कसे मिळवायचे याचे ज्ञान साथीदाराला फार लवकर येते. आज ख्यालाच्या साथीला बहुतेक ठिकाणी हार्मोनियम दिसते. त्यामुळे जे गायक आवर्जून व्हायोलिन मागतात त्यांना तुमच्याकडून हार्मोनियमवर न निघणारी मींड हवी असते, हे लक्षात ठेवूनच तिथे बसा.

गुरुजींची भीती निराधार नाही, हेही मान्य करायला हवे. साथीची बोलावणी वाढली की एखाद्या रागाची स्वतःच्या विचाराने पाऊण तास मांडणी करण्याची ताकद क्षीण होते, कारण साथीदाराला सुरुवात कधी करावी लागत नाही आणि शेवटही ठरवावा लागत नाही. यावर उपाय साथ टाळणे हा नव्हे. दोन्ही गायकांची बोलावणी एकदम स्वीकारू नका. ज्यांची गायकी तुमच्या गुरुजींच्या तालमीला जवळची आहे, अशा एकाच गायकाबरोबर वर्ष-दोन वर्षे नेमाने साथ करा, त्यांच्या तालमींना जा, त्यांच्या बंदिशी लिहून घ्या. आणि त्याच काळात वर्षाला दोनच राग एकल वादनासाठी निवडून, आलापापासून द्रुतापर्यंत, तबल्याबरोबर, घरगुती बैठकींमध्ये वीस-पंचवीस श्रोत्यांपुढे वाजवत राहा. प्रत्येक बैठकीचे ध्वनिमुद्रण करा, ते लगेच ऐकू नका, आठवड्यानंतर ऐका. मोठ्या व्यासपीठाची घाई करू नका. फेसबुक-इन्स्टाग्रामवर एका मिनिटाचे तुकडे टाकायला हरकत नाही, पण एका मिनिटात टाळी घेणारे वाजवण्याची सवय विलंबिताच्या मुळावर येते.

तुमची प्रगती होते आहे की नाही हे ठरवताना गुरुजींची शाबासकी आणि घरच्यांचे कौतुक बाजूला ठेवा. एकदा बोलावणाऱ्याने तुम्हाला पुन्हा बोलावले का, एवढे पाहा. पहिले बोलावणे ओळखीने, योगायोगाने किंवा ठरलेला वादक आजारी पडल्यामुळेही येते. दुसरे बोलावणे केवळ कामाच्या दर्जावर येते, आणि त्या दर्जात सूर जितका येतो तितकाच वक्तशीरपणाही येतो. साथीची आणि एकल वादनाची अशी दुसरी बोलावणी सलग दोन हंगाम येत राहिली, वर्षाचा खर्च बाजूला पडलेला असला आणि मनगट शाबूत असले, तर त्या दिवशी नोकरी सोडण्याचा विचार खुशाल करा. त्याआधी नाही.

गुरुजींना हे कसे सांगायचे, असा संकोच तुम्हाला वाटत असणार. साथीचा निर्णय परस्पर घेऊन त्यांना तो नंतर बाहेरून कळू देऊ नका. ज्या गायकाबरोबर बसायचे ठरवाल त्यांचे नाव त्यांना आधी सांगा, पहिल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवा आणि साथीमुळे वाजवण्यात काही बिघडते आहे असे त्यांना वाटले तर नेमके कुठे, ते विचारा. ज्या गुरूला शिष्याच्या भवितव्याची इतकी काळजी आहे, तो ध्वनिमुद्रणाच्या पुराव्याकडे पाठ फिरवणार नाही, अशी माझी खात्री आहे.

राहता राहिला वाद्याचा प्रश्न. सध्या नवे व्हायोलिन घेऊ नका. आधी आहे ते वाद्य जाणकार कारागिराकडून तपासून घ्या: घोडीची उंची, आतल्या साउंड पोस्टची (वाद्याच्या पोटातल्या छोट्या लाकडी खांबाची) जागा, खुंट्यांची पकड आणि तारांचे वय. घोडी गरजेपेक्षा उंच असेल तर तार दाबायला जास्त जोर लागतो आणि तुमच्या मनगटाच्या दुखण्याला तेही एक कारण असू शकते. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगून खुंट्या अडकतात आणि गजाचे केस सैल पडतात, म्हणून ही तपासणी पावसाळा संपल्यावर करा आणि वाजवून झाल्यावर गज दरवेळी सैल करून ठेवण्याची सवय लावून घ्या. खर्च करायचाच असेल तर चांगल्या गजावर करा. तो घेताना दुकानातल्या व्हायोलिनवर न पारखता स्वतःचे वाद्य सोबत न्या, गुरुजींनाही बरोबर घ्या, आणि मंद्र सप्तकात विलंबित लयीत लांब गज ओढून पाहा. टोकाला पोहोचेपर्यंत आवाज पातळ होत नसेल आणि हाताला जोर द्यावा लागत नसेल, तरच तो गज घ्या.